चौथीच्या मम्म्यांचं जीके

दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण आमच्या पोरींची शाळा एकला सुटते आणि मी रोज बरोबर वीस मिनिटं आधी फाटकासमोर येऊन बसते. शाळा लवकर सुटली तर? समीक्षा बाहेर येऊन मला शोधत राहिली तर? असं आजवर एकदाही झालेलं नाही. तरी मी बसते.

फाटकासमोर चहाच्या ठेल्याचं लांब बाकडं आहे, त्यावर आम्ही चौथीच्या मम्म्या. रोजची वीस मिनिटं म्हणजे काही फार नाहीत, पण त्यातही कोणाचं ना कोणाचं काहीतरी होतंच. मग ते डोक्यात साचत जातं आणि एक दिवस भाजी चिरताना एकटीलाच हसू येतं. सासूबाई विचारतात, "काय झालं वो?" आता त्यांना कुठून सांगायला सुरुवात करू? म्हणून इथंच लिहून काढते.

बाकड्यावर आम्ही चौघी. मी पौर्णिमा, गुढियारीची. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर. शिक्षण सातवी, तेही गोंदियाकडच्या मराठी शाळेत. माझ्या बाजूला वंदनाताई, आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, वयानं मोठ्या, तोंडानं त्याहून मोठ्या. मग पुष्पा दीदी, इथलीच छत्तीसगढी, बोलते कमी पण बोलली की संपलं. आणि टोकाला स्वातीताई. तेलीबांध्याला फ्लॅट, बी.कॉम. झालेली, स्कुटीवर येते, आणि मराठी अशी बोलते जसं पेपरात छापून येतं.

तर त्या दिवशी बारा चाळीसला जीकेच्या मॅडम फाटकावर आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांची जीकेची स्पर्धा आहे. विषय, इंग्रजी बोलणारे देश आणि जगातल्या मोठ्या संस्था. चौथीतून एकच नाव जाणार. आधी वर्गात परीक्षा.

शाळा सुटली. स्वातीताईनं स्कुटीवरूनच आपल्या रुजुताला विचारलं, "ऑस्ट्रेलियाची राजधानी?"

"कॅनबेरा," रुजुता म्हणाली, तीही चिप्स खाता खाता.

तेवढ्यात समीक्षा आली. स्वातीताईनं तिलाही विचारलं. समीक्षा म्हणाली, "सिडनी." खरं सांगते, मलाही सिडनीच वाटलं होतं.

"चालतं गं," स्वातीताई म्हणाली. "सगळेच चुकतात."

ते "चालतं गं" गुढियारीच्या पुलापर्यंत माझ्या कानात होतं. पोरगी मागं पडली तर कोणी पोरीला बोलत नाही. म्हणतात, आईच सातवी आहे, तिचं काय चुकलं. मी त्याच दिवशी ठरवलं. नाव जाईल तर समीक्षाचंच.

*

रुजुताजवळ एक पुस्तक होतं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर चढवलेलं, म्हणजे नाव दिसू नये. मी एकदा सहज हात पुढं केला. "पाहू ना, कोणती पुस्तक आहे?"

"अगं, काही खास नाही त्यात," असं म्हणत स्वातीताईनं ते उचललं, स्कुटीच्या डिक्कीत टाकलं आणि डिक्की दोनदा ओढून पाहिली.

वंदनाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "माहेरचे दागिनेही इतके जपून नाही ठेवत वो कोणी."

मी हसले, पण आतून जळाले. रविवारी गोलबाजारात गेले. भांड्यांच्या ओळीमागं एकजण जुनी पुस्तकं विकतो. मी त्याला सांगितलं, सगळ्यात जाड पाहिजे. रुजुताच्या पुस्तकापेक्षा जाड, एवढंच माझ्या डोक्यात. त्यानं खालून एक ओढून काढलं. वरचं पान गेलेलं, पण दोन्ही हातांनी धरावं लागेल एवढं. हिंदीत होतं म्हणजे मलाही वाचता येणार.

"दीदी, इसमें पूरी दुनिया है," तो म्हणाला.

घरी आणलं तर सासूबाईंनी आधी पुस्तकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तांदळाचा डबा ठेवाले घरात जागा नाही. दुनिया कुठं ठेवशील?"

*

दुनिया मी स्वयंपाकघरात ठेवली. समीक्षाला एका जागी बसून पाठ होत नाही, तिला हिंडत फिरत लागतं. म्हणून मी चिठ्ठ्या लिहिल्या आणि डब्यांवर चिकटवल्या. तांदळावर ओटावा, कॅनडाची राजधानी. तुरीच्या डाळीवर वेलिंग्टन, न्यूझीलंडची. साखरेवर डब्लिन, आयर्लंडची. मसाल्याच्या डब्यांवर संस्था. हळदीवर जिनिव्हा, तिथं आरोग्य संघटना. तिखटावर रोम, तिथं अन्न आणि शेतीची संघटना. मिठाच्या बरणीवर पॅरिस, तिथं युनेस्को.

समीक्षाला पाठ व्हायला आठवडा लागला. सासूबाईंना तीन दिवस. त्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, चिठ्ठी वाचता येत नाही, पण समीक्षा मोठ्यानं म्हणायची ते ऐकून ऐकून त्यांच्या तोंडी बसलं.

एकदा पुष्पा दीदी घरी आली. चहा ठेवला होता. सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, "पुष्पाले गोड लागते, तिच्या कपात डब्लिन जास्त टाक."

पुष्पा दीदीनं कप हातात घेतला आणि पहिला घोट घ्यायच्या आधी मला हळूच विचारलं, "दीदी, शुगर तो नइ बढ़ही न?"

नवरा महिन्याचं सामान आणायला निघाला की आता यादी अशी असते: ओटावा दहा किलो, वेलिंग्टन दोन. तो दुकानात काय सांगतो मला माहीत नाही. पण एकदाही चुकीचं आणलं नाही.

*

मग एकदा बाकड्यावर सुरक्षा परिषदेचा विषय निघाला. स्वातीताईनंच काढला. ती समजावून सांगते तेव्हा हातानं हवेत गोल काढते. तेही मला येत नाही.

ती म्हणाली, "पाच देश कायमचे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, चीन. बाकी दहा दोन दोन वर्षांसाठी येतात आणि जातात. पण या पाचांपैकी एकानं जरी नाही म्हटलं, तरी काम थांबतं. त्याला व्हेटो म्हणतात."

वंदनाताईंनी बाकड्याकडं पाहिलं. "म्हणजे आपलं बाकडंच की. आपण कायमच्या, बाकीच्या मम्म्या उभ्या. कधी कोणी टेकली तर टेकली."

"पण पाच पाहिजेत," मी म्हटलं. "आपण तर चौघी."

"पाचवी आहे ना." वंदनाताईंनी बोट दाखवलं. स्वातीताईच्या बाजूला, एका माणसाची पूर्ण जागा अडवून, तिची पर्स बसलेली होती.

सगळ्या हसल्या, स्वातीताईही. पण पर्स तिथंच राहिली. मग त्याच दिवशी वंदनाताई म्हणाल्या, रविवारी सगळ्या मिळून पोरींना जंगल सफारीला नेऊ. मी हो म्हटलं, पुष्पा दीदीनं हव म्हटलं. स्वातीताई मोबाइल पाहत म्हणाली, "नको गं, ऊन फार आहे." आणि विषय संपला. जसं ठरलंच होतं.

थोड्या वेळानं पुष्पा दीदी म्हणाली, "अब समझ गेंव. वीटो काला कथें."

मी सगळ्यांत जास्त हसले. मग घरी जाताना मनात आलं, माझ्या "नको" नं आजवर काय थांबलं आहे? घरात नाही, बाहेर नाही. रिक्षासुद्धा मी नको म्हटलं तरी पुढ्यात येऊन उभी राहते.

*

आमच्या शाळेत वाढदिवसाला टॉफी वाटत नाहीत. त्याऐवजी पोरांनी वाचनालयाच्या कपाटाला एक पुस्तक द्यायचं. पहिल्या पानावर नाव लिहायचं आणि सकाळी प्रार्थनेत मॅडमच्या हातात द्यायचं.

रुजुताचा वाढदिवस आधी झाला होता. तिनं चकचकीत नकाशांचं पुस्तक दिलं, त्यावर हात फिरवला तर घसरत जाईल असं. समीक्षा घरी येऊन तीन वेळा सांगून गेली. "मम्मी, उसमें समुंदर भी चमकता है."

समीक्षाचा वाढदिवस आला. मी विचार केला, चमकणारं तर मी आणू शकत नाही, पण जाड तर आहे. तोवर मी पुस्तकातलं सगळं कामाचं माझ्या वहीत उतरवून घेतलं होतं. आता पुस्तकाचं घरी काय काम? मी त्याला खाकी कागदाचं नवं कव्हर घातलं, कोपरे दुमडून नीट बसवले आणि आतल्या पानावर स्केचपेननं लिहिलं, "समीक्षाच्या वाढदिवसानिमित्त, तिच्या मम्मीकडून."

प्रार्थनेत मॅडमनी ते उचललं आणि माइकवर म्हणाल्या, "अरे वाह, इतनी मोटी किताब तो आज तक किसी ने नहीं दी."

मी फाटकाच्या जाळीतून ऐकत होते. स्वातीताईही ऐकत होती. त्या दिवशी चहा मी पाजला सगळ्यांना.

*

आणि मग राणीचा दिवस आला.

परीक्षेला आठवडा राहिला होता. माझी हिंमत वाढली होती. रोज स्वातीताईच का विचारणार, आज मी विचारते म्हटलं.

"सांगा बरं, कॉमनवेल्थचं प्रमुख कोण?"

"राजा," स्वातीताई म्हणाली. "इंग्लंडचा राजा."

मी हसले. अगदी तिच्यासारखंच, मान वाकडी करून. "चूक. राणी. पण चालतं गं, सगळेच चुकतात."

कोणी हसलं नाही. चहावालाही हातातली गाळणी धरून माझ्याकडं पाहत होता.

"पौर्णिमा," वंदनाताई हळूच म्हणाल्या, "ती राणी वारली ना गं. टीव्हीवर कितीक दिवस दाखवून राहिले होते."

"कधी?"

"सूतक घलो निपटगे, दीदी," पुष्पा दीदी म्हणाली.

 स्वातीताईनं पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बाकड्यावर हात ठेवला, मी तिथं येऊन बसावं म्हणून. मी बसले नाही. तिनं टोमणा मारला असता तर मला इतकं लागलं नसतं.

घरी आल्या आल्या वही उघडली. एक राणी वारली, ठीक आहे. पण पुस्तकातलं अजून काय काय वारलं असेल? वहीतली चारशे उत्तरं माझ्याकडं पाहत होती आणि त्यातली जिवंत कोणती, मेलेली कोणती, ते मला कळत नव्हतं. स्वातीताईला विचारलं असतं तर एका दुपारी झालं असतं. विचारलं नाही. नवऱ्याच्या सुटीच्या दिवशी त्याचा मोबाइल घेतला आणि एकेक तपासत बसले. कॉमनवेल्थचे देश पुस्तकात त्रेपन्न, आता छप्पन्न. संयुक्त राष्ट्रांचे देश पुस्तकात एकशे एक्क्याण्णव, आता एकशे त्र्याण्णव. दक्षिण सुदान नावाचा देश तर त्या पुस्तकात जन्मलाच नव्हता.

मी लाल पेनानं खोडून वर नवं लिहिलं आणि समीक्षाला बसवलं. ती रडकुंडीला आली. "मम्मी, पुराना वाला याद हो गया है. अब नया अंदर नहीं जा रहा."

*

शनिवारी परीक्षा झाली. तोंडी होती, मम्म्यांना आत जाऊ दिलं नाही. आम्ही बाकड्यावर. त्या दिवशी पर्सही मांडीवरच होती.

समीक्षा धावत आली. "मम्मी, मेरा नाम आ गया."

लपवत नाही, सांगते. मी आधी स्वातीताईच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या पोरीकडं.

रुजुता मागून आली, डोळे पुसत. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाली, शेवटी दोघी बरोबरीत होत्या. "मैडम ने पूछा, यूएन में कितने देश हैं. मैंने एक सौ तिरानबे बोला. समीक्षा ने एक सौ इक्यानबे. मैडम ने किताब में देखा और बोलीं, समीक्षा सही है."

स्वातीताईनं मोबाइल काढला, पाहिलं आणि परत ठेवला. तिला काय दिसलं ते मला माहीत होतं.

"जा ना आत," वंदनाताई तिला म्हणाल्या. "सांग मॅडमले."

"कशाला?" स्वातीताई म्हणाली. "पौर्णिमानं पण मेहनत घेतलीय. जाऊ दे." मग पोरीचं नाक पुसता पुसता तिनं विचारलं, "कोणतं पुस्तक होतं गं?"

"लाइब्रेरी वाला. मोटा, खाकी कवर का."

बाकड्यावर कोणालाच काही आठवलं नाही. किंवा आठवलं असेल आणि बोलल्या नसतील. समीक्षा माझ्या हाताला झुलत होती, तिला घरी जाऊन आजीला सांगायचं होतं.

मी तिला घेऊन आत गेले. मॅडम टेबल आवरत होत्या आणि पुस्तक वरच ठेवलेलं होतं.

"मैडम," मी म्हटलं, "वो किताब मत देखिए. उसमें रानी ज़िंदा है."

"मतलब?"

मी कव्हर उघडून माझं अक्षर दाखवलं. पुस्तक कुठून आणलं ते सांगितलं. एकशे त्र्याण्णव सांगितलं. मॅडमनी मोबाइलवर पाहिलं आणि बराच वेळ कपाळ चोळलं. "तो अब?"

"अब दोनों को फिर से पूछिए."

रुजुताला बोलावलं. स्वातीताई तिच्यासोबत आली आणि दारात उभी राहिली, मी खिडकीजवळ. मॅडम म्हणाल्या एकच प्रश्न, दोघींनी कागदावर लिहायचं. आंतरराष्ट्रीय न्यायालय कोणत्या शहरात आहे?

माझ्या घरी त्याची चिठ्ठी मोहरीच्या डब्यावर आहे. द हेग. मला येत होतं. सातवी शिकलेल्या बाईला येत होतं, आणि समीक्षा पेन्सिल तोंडात धरून माझ्याकडंच पाहत होती. नुसते ओठ हलवले असते तरी तिला कळलं असतं. महिनाभर घरी ती अडली की मी तसंच तर करत होते.

मी खिडकीबाहेर पाहू लागले.

समीक्षानं जिनिव्हा लिहिलं. रुजुतानं द हेग.

 पुलावर आल्यावर समीक्षा म्हणाली, "मम्मी, आपको आता था?"

"येत होतं."

"फिर?"

मी तिच्या दप्तराची चेन लावली. उघडीच राहिली होती.

आता रविवारी सकाळी दहा वाजता स्पर्धा आहे, तेलीबांध्याच्या तलावाजवळच्या मोठ्या हॉलमध्ये. बाकीच्या शाळा टाळ्या वाजवायला माणसं भरून आणतात, असं ऐकलं. आपली रुजुता रिकाम्या खुर्च्या पाहिल्या की गप्प होते, हे स्वातीताईच एकदा बोलली होती. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी या आणि पुढच्या रांगेत बसा. मी समीक्षाला घेऊन येणार आहे. चौथीच्या ज्या मम्म्यांपर्यंत हे पोचलं नसेल, त्यांना सांगा. पाचवीच्यांनाही सांगा. फक्त मी सांगितलं, हे स्वातीताईला सांगू नका.